पाऊस, मार्च आणि पन्नास खाटा : एका शासकीय रुग्णालयाच्या देखभालीच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५

नाशिकच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अलीकडे असलेल्या एका पन्नास खाटांच्या शासकीय रुग्णालयाच्या दुरुस्तीचे काम आजपासून हाती घेतले. रुग्ण कल्याण समितीने मला तांत्रिक सल्लागार म्हणून नेमले असून प्रत्यक्ष काम निविदेतून ठेकेदारामार्फत होणार आहे. जुनी इमारत १९८० च्या दशकातली, एकमजली, सपाट स्लॅबची आहे. पंधरा-सोळा वर्षांनी तिला दुमजली नवा भाग जोडला गेला आणि दोहोंच्या मध्ये एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे स्लॅबना पसरायला-आकसायला जागा देणारी फट, ठेवला गेला. जुन्या इमारतीचे नकाशे मिळाले नाहीत. नव्या भागाची एक निळी प्रत लिपिकांच्या कपाटात सापडली, तिचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला आहे.

पहिल्याच बैठकीत लक्षात आले की या इमारतीला चार मालक आहेत. भिंती आणि स्लॅब बांधकाम खात्याकडे, वायरिंग आणि पॅनेल विद्युत शाखेकडे, ऑक्सिजनची वाहिनी आणि यंत्रे आरोग्य विभागाकडे, तर नळ, टाक्या आणि गटारे रुग्णालयाच्या स्वतःच्या किरकोळ खर्चाकडे. पाणी मात्र ही वाटणी मानत नाही. ते गच्चीवरून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून वायरिंगच्या नळीत आणि तिथून पंख्याच्या डब्यात उतरते, आणि मग तक्रार कोणाच्या नावाने लिहायची यावरच दोन आठवडे जातात.

चार वर्षांपूर्वी याच तारखेला, ९ जानेवारी २०२१ रोजी, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्या घटनेनंतर राज्यभर तपासण्यांचे आदेश निघाले. येथील तपासणीचा अहवालही फाइलमध्ये आहे. त्यातील दिशादर्शक फलक आणि अग्निशामक नळकांडी यांबाबतचे शेरे पूर्ण झालेले दिसतात. वायरिंग बदलण्याबाबतचे शेरे तसेच आहेत. फलक समितीच्या पैशातून लावता येतो, वायरिंगसाठी अंदाजपत्रक लागते, एवढाच त्याचा अर्थ.

१६ जानेवारी

संक्रांतीनंतर मुद्दाम गच्ची पाहिली. अपेक्षेप्रमाणे पावसाळी पाण्याच्या एका पाइपच्या तोंडात पतंगाच्या कामट्या आणि मांजाचा गुंता अडकलेला होता; त्यावर पाने आणि पानांवर माती बसून तिथे गवत उगवले होते. हाताने उपसून काढायला दहा मिनिटे लागली. ही दहा मिनिटे दरवर्षी कोणी द्यायची, हे कुठेही लिहिलेले नाही.

खरा प्रश्न त्याहून खोल निघाला. जुन्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे गळती रोखण्यासाठीचा जाड थर, एकदा नव्हे, तीनदा घातलेला आहे. गळती सुरू झाली की मूळचा कोबा न काढता त्यावर नवा थर टाकायचा, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे, कारण जुना थर फोडणे, उतरवणे आणि वाहून नेणे यांचा खर्च वाचतो आणि काम आठवड्यात उरकते. एका ठिकाणी छिन्नीने खड्डा घेऊन मोजले तेव्हा एकूण जाडी चोवीस सेंटिमीटर भरली. दहा सेंटिमीटर कोब्याचे वजन प्रति चौरस मीटर साधारण दोनशे किलोच्या घरात जाते. म्हणजे एका थराच्या हिशेबाने बांधलेल्या स्लॅबवर आज पाचशे किलोच्या आसपास निर्जीव वजन बसले आहे, आणि पावसाळ्यात कोबा पाणी पितो तेव्हा ते आणखी वाढते.

दुसरा दोष असा की गच्चीची पातळी वर गेली, पण पाइपांची तोंडे जुन्या पातळीवरच राहिली. तिसरा थर घालणाऱ्याने तोंडाभोवती बशीसारखा खळगा ठेवला, त्यात कचरा साठतो. ढाळही बदलला आहे. बादलीभर पाणी ओतून पाहिले तर ते पाइपकडे न जाता शांतपणे एक्स्पान्शन जॉइंटच्या दिशेने निघाले. कठड्याच्या पायथ्याचा वाटा (गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यातली गोलसर भरणी) जागोजाग सुटला आहे, सौर तापकांचे लोखंडी पाय थेट कोब्यात बोल्ट ठोकून बसवले आहेत आणि ईशान्येच्या कोपऱ्यात पिंपळाचे मनगटाएवढे झाड आहे.

निर्णय असा घेतला की चौथा थर घालायचा नाही. तिन्ही थर काढून स्लॅब उघडा करायचा, तो दुरुस्त करायचा आणि मगच नव्याने एक थर, योग्य ढाळात.

२८ जानेवारी

आज प्रसूती कक्ष आणि त्याला लागून असलेला स्त्री रुग्ण कक्ष आतून तपासला. नकाशा नसल्याची उणीव येथील इन्चार्ज सिस्टरांनी भरून काढली. पावसाळ्यात कुठली खाट कुठे सरकवावी लागते, कुठे बादली ठेवावी लागते आणि कुठे नुसते फडके पुरते, हे त्यांनी फरशीवर खडूने खुणा करून दाखवले. सफाईचे काम करणाऱ्या मावशींनी त्यात एक भर घातली : “तो मधला पंखा पावसाळ्यात लावत नाही साहेब, त्याच्यातूनच पाणी ठिबकतं.” कक्षाच्या मध्यभागी, कठड्यापासून सर्वांत दूर असलेला पंखा गळतो याचा अर्थ पाणी तिथे शिरत नाही, तिथे फक्त बाहेर पडते. स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळ्या वरच्या बाजूला कुठेतरी फुटल्या आहेत आणि त्या पन्हाळीचे काम करीत आहेत.

मावशींचा पंखा आणि सिस्टरांचे खडू ही या प्रकल्पातली पहिली विश्वासार्ह कागदपत्रे. खुणांची छायाचित्रे काढून गच्चीच्या मोजणीवर बसवली, तेव्हा जवळपास सर्व गळत्या तीन रेषांवर आल्या : जॉइंटची रेषा, सौर तापकांच्या पायांची रेषा आणि उत्तरेकडील कठडा.

स्लॅबच्या खालच्या बाजूने जिथे गिलावा फुगला होता तिथे तो पाडून काँक्रीट पाहिले. ताज्या फोडलेल्या भागावर फेनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले. निरोगी काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्यामुळे त्याचा रंग गडद गुलाबी येतो आणि त्या अल्कतेच्या आवरणात सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत गेला की ही अल्कता संपते आणि द्रावण रंगहीन राहते. येथे रंगहीन पट्टा सळईच्या पलीकडे पोहोचला आहे. त्या काळच्या काँक्रीटच्या संहितेप्रमाणे स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, हवे होते (आजच्या आयएस ४५६:२००० प्रमाणे सौम्य वातावरणातही साधारणपणे २० लागते), प्रत्यक्षात काही ठिकाणी ते आठ-दहा मिलिमीटर इतकेच सापडले. गंजलेल्या सळईचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट वाढते आणि तीच वाढ आतून काँक्रीटचे पापुद्रे उचलते. गिलावा पुन्हा सारून वर रंग दिला की वर्ष-दोन वर्षे काही दिसत नाही. नंतर तो तुकडा खाटेवर पडतो.

खांब मात्र चांगले आहेत. काँक्रीट न फोडता त्याचा दर्जा तपासणाऱ्या रीबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक या दोन्ही चाचण्यांत चिंतेसारखे काही आढळले नाही. इमारत पाडून नवी बांधावी अशी एक सूचना बैठकीत आली होती, तिला या निष्कर्षांवरून लेखी उत्तर दिले. उद्घाटनाची कोनशिला नव्या इमारतीलाच लागते, कोबा काढल्याची कोनशिला कोणी बसवत नाही. पण पन्नास खाटा तीन-चार वर्षे बंद ठेवून नवी इमारत उभी करण्यापेक्षा ही इमारत वाचवणे या तालुक्याच्या हिताचे आहे.

१२ फेब्रुवारी

अंदाजपत्रक तयार केले. दुरुस्तीचे अंदाजपत्रक नव्या बांधकामापेक्षा अवघड असते, कारण सरकारी दरसूचीतील बाबी रिकाम्या जागेवर बांधायच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात. खाली रुग्ण झोपलेले असताना वरचा कोबा फोडणे, राडारोडा दिवसातून ठरावीक वेळीच उतरवणे, एका वेळी गच्चीचा एकच पट्टा उघडा ठेवणे, या अटींचा दर सूचीत नाही. ढोबळ रक्कम लिहिली तर तांत्रिक मान्यतेच्या टेबलावर हरकत निघते, आणि नाही लिहिली तर ठेकेदार स्वस्त दर भरून निविदा घेतो आणि अटी पाळायच्या वेळी हात वर करतो. म्हणून प्रत्येक अट वेगळी बाब म्हणून, दरांच्या पृथक्करणासह लिहिली. पाने वाढली, इलाज नव्हता.

खरी अडचण दिनदर्शिकेची आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे देखभालीचा निधी हातात पडतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि खर्ची टाकायची घाई त्याच महिन्यात. नाशिक भागात पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो असे धरले जाते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश या चार पायऱ्या चढून होईपर्यंत एप्रिल उजाडतो. म्हणजे गच्चीच्या कामासाठी जो ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा कोरडा काळ निसर्ग देतो, त्यातले सहा महिने कागद खातो. त्यानंतर जे दोन महिने उरतात त्यांत जुने थर काढायला वेळ नसतो, म्हणून पुन्हा एक कोबा वर टाकला जातो. येथील तीन थरांचा उलगडा माझ्या मते एवढाच आहे. त्यात कोणाचा अडाणीपणा शोधण्याची गरज नाही.

५ मार्च

मान्यतेची वाट पाहत असताना पाण्याची बाजू तपासली. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे शंभर खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला प्रतिखाट रोज ३४० लिटर पाणी लागते, म्हणजे येथे सतरा हजार लिटर. टाक्यांची क्षमता तेवढी आहे, पण एका टाकीचा तरंगता व्हॉल्व्ह बिघडलेला असल्याने पंप चालू राहिला की पाणी ओसंडून मागच्या भिंतीवरून वाहते. त्या भिंतीवर हिरवा पट्टा आहे आणि भिंतीच्या आतल्या बाजूला औषधभांडार आहे. व्हॉल्व्ह समितीच्या किरकोळ खर्चातून त्याच दिवशी बदलला. शेवटच्या नळावर उर्वरित क्लोरीन तपासले, ते प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघाले. टाकी धुतल्यानंतर ठीक झाले.

स्वच्छतागृहे तुंबण्यामागे बहुतेक वेळा कापडाचे बोळे आणि गुटख्याच्या पुड्या असतात. प्रत्येक दाराआड झाकणाचा डबा ठेवल्याशिवाय कुठलाही पाइप मोठा करून उपयोग नाही.

२७ मार्च

कार्यारंभ आदेश मिळाला. विद्युत कामाची रक्कम निम्म्यावर आणली गेली आहे.

१० एप्रिल

काम सुरू झाले. सध्या जिल्ह्यातले बरेच ठेकेदार २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांकडे डोळे लावून बसले आहेत, त्यामुळे एका लहान दुरुस्तीसाठी अनुभवी गवंडी टिकवून ठेवणे हीच एक कसरत आहे. सुदैवाने ठेकेदाराचा मुकादम सुरगाण्याकडचा, गळक्या घरांचा जाणकार आहे.

वैद्यकीय अधीक्षकांनी कामाला ज्या अटी घातल्या त्या सर्व मान्य केल्या. शस्त्रक्रियागृहावरचा पट्टा फोडताना ते पूर्ण बंद राहील आणि नियोजित सिझेरियन नाशिकला पाठवले जातील. नवजात बालकांच्या कक्षाशेजारी दुपारी फोडकाम होणार नाही. राडारोडा झाकलेल्या घसरगुंडीतून, पाणी शिंपडूनच उतरवला जाईल. शेवटची अट केवळ स्वच्छतेची नाही. जुन्या ओलसर कोब्यात आणि गिलाव्यात ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू असतात आणि कोरडी धूळ उडाली की ते हवेत येतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ते गेले तर दुखणे जिवावर बेतते. म्हणून दारांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, दोन दारांमध्ये प्लॅस्टिकचे पडदे लावले आणि कामगारांची ये-जा बाहेरच्या परांचीवरूनच ठेवली. मुकादमाला हे सगळे सुरुवातीला चोचले वाटले. पहिल्या दिवशी पडद्याच्या बाहेरच्या बाजूला जमलेला राखाडी थर त्याने बोटाने पुसून पाहिला, तेव्हापासून तोच माणसांना पडदा नीट लावायला सांगतो.

गच्ची पट्ट्यापट्ट्यांत विभागली आहे. एक पट्टा फोडून, दुरुस्त करून, त्यावर पहिला जलरोधक लेप झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, असे करारातच लिहून घेतले आहे. ठेकेदाराची मागणी सगळी गच्ची एकदम उघडण्याची होती, कारण त्यात त्याची मजुरी वाचते. मान्य केली नाही.

२१ एप्रिल

आज ऑक्सिजनची वाहिनी तपासण्याचा दिवस ठरवला होता. तारीख मुद्दाम निवडली नव्हती, पण नाशिककराला ती विसरता येत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीजवळ गळती झाली, पुरवठ्याचा दाब कोसळला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रव असलेला ऑक्सिजन बाहेर येताच वायू होतो आणि एका लिटरचे साडेआठशे लिटरहून अधिक होतात. त्या दिवशी परिसर पांढऱ्या धुक्याने भरला होता, ती छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत.

येथे द्रवरूप टाकी नाही. सात घनमीटरचे जम्बो सिलिंडर दोन रांगांत जोडलेले आहेत, एक रांग संपली की दुसरी सुरू होते. तांब्याच्या वाहिनीत दाब साधारण चार बार असायला हवा. प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून पाहिले, तेव्हा पुरुष कक्षातील दोन जोडण्यांवर बुडबुडे आले. जोडणी घट्ट करणाऱ्या कामगाराने सवयीने खिशातून ग्रीसची डबी काढली, ती तिथेच थांबवली. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल किंवा ग्रीस ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते, म्हणून या वाहिनीचे पाने (स्पॅनर) आणि हातमोजेदेखील वेगळे ठेवायचे असतात. सिलिंडरच्या खोलीत आता त्यासाठी वेगळी पेटी ठेवली आहे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत तसे लिहिले आहे.

अधिक काळजीची बाब वेगळीच होती. प्रत्येक कक्षाचा पुरवठा बंद करण्याची झडप एका काचेच्या पेटीत असते. त्यांपैकी एका पेटीसमोर कपाट उभे होते आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना पेटी कशासाठी आहे हे ठाऊक नव्हते. कपाट हलवले. प्रत्येक पाळीच्या सिस्टरांकडून आणि मामांकडून (पुरुष परिचरांकडून) झडप एकदा प्रत्यक्ष फिरवून घेतली. यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही आणि लागलीही नाही.

९ मे

या आठवड्यात अवकाळी पावसाने जिल्हा झोडपून काढला. शेतात काढून ठेवलेला कांदा भिजला आहे आणि रुग्णालयात येणारा प्रत्येक जण आधी तेच बोलतो. गच्चीचा एक पट्टा उघडा होता, तोही अर्धा लेप झालेला. उघड्या पट्ट्याच्या चढाच्या बाजूला मुकादमाने वीटभर उंचीचा तात्पुरता बांध घातला आणि ताडपत्री बांधावरून पलीकडे वळवून दोरीने कठड्याला बांधली. त्यामुळे वरून वाहत आलेले पाणी जुन्या भागावरूनच पाइपकडे गेले. खाली स्त्री कक्षात एका ठिकाणी ओल आली, खाट हलवावी लागली नाही. सगळी गच्ची उघडी असती तर आज पूर्ण कक्ष रिकामा करावा लागला असता.

पूर्ण झालेल्या पट्ट्यांची पाण्याची चाचणी मात्र आभाळाने फुकट करून दिली. एरवी टँकर मागवून, मातीचे बांध घालून तीन दिवस पाणी उभे ठेवावे लागते.

२७ मे

मोसमी पाऊस काल मुंबईत दाखल झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. गेल्या पंचाहत्तर वर्षांत तो इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. कामाच्या नियोजनात जूनचे पहिले दहा दिवस राखीव ठेवले होते, ते गेले. रंगकाम थांबवले, ओल्या गिलाव्यावर रंग चढवून, ज्यावरून देयक निघते त्या मोजमाप पुस्तिकेत नोंद करण्याचा आग्रह झाला, त्याला नकार दिला. शेवटच्या दोन पट्ट्यांवर कोबा आता घालता येणार नाही. जलरोधक लेप झाला आहे, त्यावर पातळ संरक्षक थर टाकून ते पावसाळाभर तसेच राहतील.

एक्स्पान्शन जॉइंटचे काम मात्र पावसाच्या उघडिपीत पुरे केले. येथे याआधी प्रत्येक वेळी सिमेंटचा माल भरून जॉइंट बंद केला गेला होता. उन्हाने दोन्ही स्लॅब पसरतात आणि रात्री आकसतात, त्यांच्यामध्ये कडक माल भरला तर तो एका ऋतूतच फुटतो. जॉइंटला बंद करायचे नसते, झाकायचे असते. आता दोन्ही बाजूंना वीटभर उंचीच्या कडा उचलल्या, फटीत लवचीक पट्टी आणि सीलंट भरले आणि वरून पत्र्याची टोपी बसवली, जी एकाच बाजूला पक्की आहे आणि दुसऱ्या बाजूवर नुसती टेकून सरकते. टोपी दोन्ही बाजूंनी ठोकण्यासाठी फिटर स्क्रू घेऊन उभा होता. त्याला कारण समजावून सांगितल्यावर त्याने सुटी बाजू मोकळी ठेवली आणि कोणी पुढे ठोकू नये म्हणून तिथे लाल रंगाने फुली मारली.

१९ जून

लसीकरणाच्या खोलीतील शीतपेटीला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार सिस्टरांनी आज सांगितली. “उन्हाळ्यात नाही येत, फरशी ओली असली की येतात,” हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. पेटीच्या प्लगमधली अर्थिंगची तार होती, पण खोलीतल्या सॉकेटपासून पुढे ती कुठेच जोडलेली नव्हती. इमारतीबाहेरचा अर्थिंगचा खड्डा शोधावा लागला, कारण त्यावर दोन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. खड्डा उघडून पाहिला तर पट्टी गंजून तुटलेली. पट्टी बदलली, मीठ-कोळसा भरून पाणी घातले, रोध मोजला आणि झाकण पेव्हरच्या पातळीला दिसेल असे बसवले. कक्षांच्या वितरण पेट्यांत ३० मिलिॲम्पियरचे गळती-संरक्षक स्विच लावले.

स्विच लावताच दोन कक्षांचा पुरवठा वारंवार तुटू लागला. कर्मचाऱ्यांचा पहिला सूर “नवे स्विच खराब आहेत” असा होता आणि एका मामांनी तो काढून टाकण्याची तयारीही दाखवली. स्विच चांगलेच होते; ते फक्त इतकी वर्षे न दिसलेली गळती दाखवत होते. एका कक्षात दोष पाणी तापवण्याच्या कॉइलमध्ये सापडला, दुसऱ्यात त्या मधल्या पंख्याच्या नळीत. ती नळी कायमची बंद करून पंख्याची तार भिंतीवरून उघड्या पट्टीतून नेली आहे. कमी केलेल्या रकमेत एवढेच बसले. मुख्य पॅनेल जुनेच आहे आणि वातानुकूलन यंत्रांमुळे वाढलेला भार त्याच्यावर तसाच आहे, हे अधीक्षकांना लेखी कळवले. २००६ च्या राज्य अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. जुलैच्या प्रमाणपत्रात हा मुद्दा यावा असा आग्रह धरला आहे.

१५ जुलै

घाटाकडे सलग पाऊस. इगतपुरीला वर्षात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात येवला-मालेगावकडे पाचशेच्या आतबाहेर. असे असूनही सरकारी इमारतींचा टाइप प्लॅन (ठरावीक नमुना आराखडा) दोन्हीकडे एकच, सपाट गच्चीचा. या रुग्णालयाच्या समोरच्या जुन्या घरांना उतरती कौले आहेत, पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडतात आणि भिंती कोरड्या आहेत. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. ते नकाशावर आले नाही.

दुरुस्त केलेल्या भागात गळती नाही. पोर्चच्या छज्जात आणि क्ष-किरण खोलीच्या कोपऱ्यात पाणी येते आहे. क्ष-किरण खोलीचे मूळ सापडले : वरच्या मजल्यावरील स्नानगृहाचा नहाणी ट्रॅप (फरशीतला सांडपाण्याचा सांधा) सुटला आहे, पावसाचा त्याच्याशी संबंध नाही. पोर्चचे मूळ अजून सापडलेले नाही.

तक्रारींची एक नोंदवही सुरू करून आता सहा आठवडे झाले. साधी लांब वही आहे, तारीख, जागा, काय दिसले, कोणाला सांगितले आणि केव्हा झाले, एवढेच रकाने. ती अधीक्षकांच्या दालनात न ठेवता परिचारिकांच्या टेबलावर ठेवली आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे सिस्टरांनी लिहावे असे ठरवले. सर्वाधिक नोंदी मावशींच्या सांगण्यावरून आल्या आहेत, कारण प्रत्येक कोपरा रोज पाहणारी माणसे त्याच आहेत. आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक नळाचा वायसर, कडी, ट्यूब, जाळी अशा आहेत, ज्या समितीच्या किरकोळ खर्चातून स्थानिक प्लंबर एका फेरीत मिटवतो. पूर्वी यांतल्या प्रत्येकासाठी पत्र जात होते आणि पत्राचे उत्तर येईपर्यंत वायसरची जागा फुटलेल्या पाइपने घेतलेली असे.

१८ ऑगस्ट

ठेकेदाराचे अंतिम देयक तपासले. उरलेल्या दोन पट्ट्यांचा कोबा आणि रंगकाम वगळून, झालेल्या कामाचेच मोजमाप लिहिले. दोष दायित्व कालावधी (ज्या काळात दोष निघाल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा) काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजायचा की देयकाच्या, यावर बरीच चर्चा झाली. उरलेले काम ऑक्टोबरात पुरे होईल त्या दिवसापासून, असे लेखी ठरले. त्या काळात गच्चीवर डिशचा, सौर तापकाचा किंवा मोबाइल मनोऱ्याचा कुठलाही नवा पाय अधीक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय ठोकला जाणार नाही, अशी अटही त्याच कागदात घातली आहे. सौर तापक आता काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यांवर उभे आहेत.

पुढच्या वर्षाचा प्रस्ताव फेब्रुवारीची वाट न पाहता आताच तयार केला. त्यात मुख्य विद्युत पॅनेल, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, पोर्च आणि जुन्या इमारतीवर पत्र्याचे उतरते छप्पर या चार बाबी आहेत. छप्परावर हरकत येईल हे उघड आहे, कारण ते टाइप प्लॅनमध्ये नाही; म्हणून गेल्या तीन थरांच्या कोब्याचे वजन, खड्ड्याची छायाचित्रे आणि सिस्टरांच्या खडूच्या खुणा परिशिष्टात जोडल्या. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात निविदा निघावी म्हणून प्रशासकीय मान्यता सप्टेंबरअखेर लागेल, असे आवरणपत्रात स्पष्ट लिहिले आहे. प्रस्ताव आज अधीक्षकांच्या सहीने नाशिकला गेला. जावक क्रमांक नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला.